या सुट्टीत कुणाकडे

रविवार, ४ जून

प्रिय वन्संबाई,

अनेक आशीर्वाद. असं लिहिलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, पण वयाने मोठं असण्याचा एवढाच काय तो फायदा उरलाय, तो मी सोडणार नाही. तुझं पत्र मिळालं. बोगद्यात लागलेलं पाणी एव्हाना आटोक्यात आलं असेल आणि तुझे बूट कोरडे झाले असतील अशी आशा करते. तिकडे फोन लागत नाही ते एका अर्थी बरंच आहे. फोनवर तू हसतेस, मग मीही हसते, आणि बोलायचं ते राहून जातं.

आम्ही तिघं ठीक. कालच परतलो. शाळेला सुट्टी लागली की पहिल्याच आठवड्यात आजी-आजोबांकडे निघायचं, हा नेम यंदाही मोडला नाही. पहाटे निघू असं ठरवलं होतं, म्हणजे उन्हं चांगली वर आल्यावर निघालो. मुंगीचा एक बूट सापडत नव्हता. तो शेवटी गाडीतच सापडला, कारण बाईसाहेब आदल्या दिवशीच एक बूट गाडीत ठेवून आल्या होत्या. "अर्धी तयारी झाली," असं मला येऊन सांगितलंही होतं म्हणे.

वकीलसाहेबांचं तर विचारूच नकोस. सात वर्षांचा झाला आणि जीभ चाळीस वर्षांची. डाव्या खिडकीशी कोण, कुठवर, याचा त्याने निघण्याआधी करार केला. पुलापर्यंत तो, पुलानंतर मुंगी. पण पूल कुठला हे ठरवायचं राहिलं, आणि आपल्या रस्त्यावर पूल किती आहेत ते तुला माहीतच आहे. प्रत्येक ओढ्यावर खटला चालला. मुंगीला वाद घालता येत नाही, ती सरळ चावते. घाटात तिला उलटी झाली, ती नेमकी माझ्या टोपीत. टोपी तिथेच सोडली. वकील म्हणाला, "आई, आपण रस्त्यावर कचरा टाकला." मग परत जाऊन, नाक धरून, टोपी पिशवीत भरून आणली. मुलांना चांगल्या सवयी लावल्या की अशी वेळ येते.

एक गंमत सांगते. निम्म्या वाटेवर खुर्च्यांनी भरलेल्या एका ट्रकचा दोर सुटला आणि रस्ताभर खुर्च्या पसरल्या. साध्या प्लॅस्टिकच्या, लाल. पुढेही जाता येईना, मागेही. थोडा वेळ लोकांनी हॉर्न वाजवले, मग एका आजोबांनी उतरून एक खुर्ची सरळ केली आणि बसले. ते बघून सगळेच बसले. भर रस्त्यात, झाडाच्या सावलीत, लग्नाचा मांडव असावा तशी ओळखीपाळखी सुरू झाली. माझ्या शेजारी एक जोडपं होतं. त्यांनी केळी दिली, आणि बाईंनी विचारलं, "कुणाकडे निघालात?" मी तोंड उघडायच्या आत वकील म्हणाला, "आजी-आजोबांकडे. आम्ही दरवर्षी जातो." त्या म्हणाल्या, "वा, नशीबवान आहात." रस्ता मोकळा झाला, माणसं उठली, तरी मी आपली बसूनच. शेवटी ट्रकचा ड्रायव्हर येऊन म्हणाला, "ताई, तेवढी खुर्ची द्या."

घर आहे तसंच आहे. लिंबाला यंदा बेसुमार लिंबं लागलीत, खाली सडा पडलाय. बाबांची नवी कवळी झकास बसली. तिकडच्या डॉक्टरांनी माप घेतलं होतं, ते बाबांनी मुद्दाम आमच्या दातांच्या कारखान्यात पाठवायला लावलं. साचा हातात आला तेव्हा आमचा मुकादम म्हणाला, कुणाचा एवढा जपून करताय? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा. आईंशी म्हणावं तसं निवांत बोलणं झालं नाही. त्यांनी मुलांना विणलेले स्वेटर दिले. मुंगीने तेव्हापासून अंगातून काढलेला नाही, या उकाड्यातसुद्धा.

बाकी सगळं नेहमीसारखं. तब्येतीला जप. कानात बोळे घालत जा, सुरुंगाच्या आवाजाने उतारवयात ऐकू येत नाही असं म्हणतात, आणि मला तुझ्याशी ओरडून बोलायचं नाहीये.

तुझी,
वहिनी

मंगळवार, २७ जून

प्रिय वन्संबाई,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवते, लागतील पुढे.

तुझं पत्र शनिवारी आलं. मजकूर पानभर होता, पण मी एकाच जागी अडले. "आईचंही पत्र आलंय. ती लिहिते, महिना झाला, आम्ही दादाकडेच आहोत. मग वहिनी, तू कुणाकडे गेली होतीस?"

डोंगर खणणाऱ्या बाईला लपवलेलं काही सांगायला गेलं की असं होतं.

मी खोटं काही लिहिलं नव्हतं. परत वाचून बघ. घर आहे तसंच आहे असं लिहिलं, माणसं आहेत असं कुठे लिहिलं नाही. पण तू विचारलंयस, तर आता सगळं सांगते. फक्त मधेमधे माझी विनोद करायची सवय सुटली नाही तर चालवून घे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मुलं गाडी थांबायच्या आत दार उघडून धावली. मुंगी दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होती, वकील बेलवर बोट दाबून उभा. मी उगाच सामान काढत बसले. एक पिशवी काढायची, परत ठेवायची, दुसरी काढायची. तेवढ्यात समोरच्या गाण्याच्या बाई गॅलरीत आल्या. त्यांना आता दूरचं नीट दिसत नाही. त्या वरूनच म्हणाल्या, "घरी कुणी नाहीये. नातीला बघायला गेलेत दोघं. जरा लवकरच झाली ना, म्हणून घाईने गेले."

मग त्यांनी चष्मा नीट केला आणि मला ओळखलं.

वकील म्हणाला, "नात म्हणजे मुंगी ना? ती तर इथे आहे."

बाई आत गेल्या. थोड्या वेळाने खाली आल्या त्या दुधाचं पातेलं घेऊन. माझ्याकडे न बघता पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "मुलांना लागेल." तुझ्या दादाने दुसरं लग्न केलंय हे मला ठाऊक होतं. बाळाचं मला ठाऊक नव्हतं. ते असं रस्त्यात, हातात दुधाचं पातेलं असताना कळलं.

माझ्याकडे घराची चावी होती. लग्नानंतर बाबांनी दिलेली, माझ्या जुडग्यातच असते. घटस्फोटाची कागदपत्रं झाली, सही झाली, तरी ती त्यांनी परत मागितली नाही, मीही दिली नाही. मुलं दमली होती. परत फिरून पुन्हा तेवढा रस्ता चालवणं शक्य नव्हतं. म्हणून दार उघडलं. चोरी केल्यासारखं वाटलं, हे कबूल करते, पण आत पाय टाकला आणि हात आपोआप डावीकडच्या बटणावर गेला. हाताला कोण समजावणार?

आत खोकी होती. बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून रचलेली, दोरीने बांधलेली. पडदे काढलेले. आईंच्या शिवणयंत्रावर चादर टाकून वर गाठ मारलेली. मला वाटलं, बाळ झालंय, काही दिवस राहायला गेलेत. वकील सगळ्या खोल्या फिरून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आजी-आजोबा हे घर सोडतायत का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"फ्रिज बंद आहे. दाराला फडकं लावून उघडं ठेवलंय. दोन दिवसांसाठी गेलं की कुणी असं करत नाही."

मी त्याला म्हटलं, आपण आजोबांना विचारू. तो म्हणाला, "केव्हा?" त्यावर मी त्याला अंडी उकडायचं काम दिलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी उकडलेली अंडी, पाव आणि दूध असं जेवण केलं, एका खोक्यावर चादर घालून. मुलांना ती सहल वाटली. मुंगीने विचारलं, "आजी कुठे लपलीय?" आणि टॉर्च घेऊन पलंगाखाली बघून आली. मी तिला लपलेली नाही असं सांगितलं नाही. शोधता शोधता तिला झोप लागली.

इथे थांबते. कामावर जायची वेळ झाली. उद्या पुढचं.

बुधवार

आज दिवसभर वरच्या पुढच्या दातांचे सहा संच मेणावर बसवले. एका बाईंनी फोटो पाठवलाय, तरुणपणीचा, असेच दात हवेत म्हणून. फोटोत त्या अशा हसतायत की वाटलं, दात देता येतील, हे कुठून देऊ?

तर बाबा. ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बसने, एकटे. आम्ही मागच्या अंगणात लिंबं गोळा करत होतो. फाटकाचा आवाज आला म्हणून मी पुढे आले, तर ते गाडीपाशी उभे. बॉनेटवर हात ठेवून. ऊन मी म्हणत होतं, पण ते हलेनात. मला बघितल्यावर म्हणाले, "सुट्टीचा पहिला आठवडा आहे. मला वाटलंच होतं."

घरी काय सांगून आले, विचारलं. तर म्हणाले, लिंबाला पाणी घालायला जातो असं सांगितलं. या घरच्या लिंबाला पाणी घालायला माणूस अर्धा दिवस बसने येतो, आणि हे ऐकून आईंनी एक शब्द विचारला नाही. निघताना फक्त एक पिशवी हातात दिली, "तिकडे कपाटात ठेवा" म्हणून. बाबांनी ती माझ्यापुढे उघडली. आत दोन स्वेटर. एक मोठा, एक लहान. वकिलाला घालून बघितला तर बाही बरोबर मनगटावर. तो गेल्या वर्षात किती वाढला ते त्यांनी बघितलेलं नाही. अंदाजाने विणलाय.

बाबांची जुनी कवळी हिवाळ्यातच तुटली होती. तेव्हापासून ते तोंडावर हात ठेवून बोलतात हे तुला कुणी सांगितलंय का? मुलांशी बोलतानासुद्धा. मी नव्या कवळीची डबी आणली, त्यांना मागच्या पायरीवर उजेडात बसवलं. खरं तर हे डॉक्टरांचं काम, मी फक्त बनवते. पण त्यांनी तोंड उघडलं, लहान मुलासारखं, डोळे मिटून. डावीकडे जरा टोचत होतं. मी कानस घेऊन तासलं, परत बसवलं, परत तासलं. मुलं दोन्ही बाजूंना उभी राहून बघत होती. मग आम्ही सगळ्यांना म्हणायला लावतो ते म्हणायला सांगितलं, सासू, ससा, साठ, सत्तर. कवळी ढिली असली की स शिटीसारखा वाजतो. बाबा म्हणाले, "सासू, ससा, साठ, सत्तर." स्वच्छ. मग थोडं थांबून म्हणाले, "सून." आणि उठून नळावर गेले, हात धुवायला म्हणून, बराच वेळ.

नंतर मुलांना गाण्याच्या बाईंकडे पाठवून आम्ही बोललो. त्यांनी आधी लिंबाचं, मग पाण्याच्या टाकीचं, मग घरपट्टीचं बोलून घेतलं. आपल्या सगळ्यांची ही पद्धत सारखीच आहे.

"जिना चढवत नाही आता तिला," बाबा म्हणाले. "गुडघे गेलेत. तिकडे खालची खोली आहे. आणि बाळ लवकर झालं, त्याच्या आईला उठवत नाही. कुणीतरी हवंच."

"हो बाबा."

"हे घर भाड्याने द्यायचं. पुढच्या महिन्यात माणसं येतील राहायला."

"हो."

"तुला आधी कळवायला हवं होतं. हिने फोन केला होता ना तुला?"

"केला होता."

"मग?"

"लाइन तुटली."

"परत लावायचा."

"तुम्हालाही लावता आला असता, बाबा."

मी बोलले ते खरं होतं, पण मला बोलून बरं वाटलं नाही.

वन्सं, आता जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. निघायच्या आठ-दहा दिवस आधी आईंचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग त्या म्हणाल्या, "या वेळी जरा..." आणि फोन कट झाला. पुढे काय, हे मला ऐकू आलं नाही. पण मला ते ऐकायचंही नव्हतं. या वेळी जरा येऊ नकोस. या वेळी जरा थांब. दुसरं काय असणार? मी परत फोन लावला नाही. त्यांचाही आला नाही. मुलांच्या पिशव्या भरल्या, टायरमध्ये हवा भरली आणि निघाले. म्हटलं, वाक्य पुरं झालंच नाही, तर नाही कसं म्हणता येईल? आपला वकील कुणावर गेलाय ते कळलं असेल तुला.

त्या रस्त्यातल्या खुर्चीवरून मी का उठत नव्हते, तेही आता कळेल. तिथल्या अनोळखी बाईला वकिलाचं म्हणणं खरं वाटलं होतं, आणि पुढे जाऊन ते तपासायची माझी तयारी नव्हती.

माझे आईवडील गेल्याला किती वर्षं झाली. भाऊबहीण नाही. लग्न करून मला नवरा मिळाला त्याचं फारसं काही झालं नाही, पण आई, बाबा आणि एक तू मिळालीस. नवऱ्याचा कागद कोर्टात मिळतो, तसा या तिघांचा कुठे मिळत नाही. कुणी दिला असता तरी मी घेतला नसता.

बाबांनी शेवटी विचारलंच. "मुलांना तिकडे पाठवशील ना?"

मी म्हटलं, "फाटकापर्यंत आणेन. आत येणार नाही."

"ते बरोबर आहे," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "बरोबर आहे, पण कसंतरीच वाटतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गाडीने तिकडे सोडायला निघालो. बसने जातो म्हणत होते, पण मुंगीने त्यांची चप्पल लपवली. पुढे ते, मागे मुलं. खिडकीचा करार त्यांनी मिटवला, दोघांनाही मधे बसवून. दोन्ही खिडक्या रिकाम्या आणि मुलं मधे दाटीवाटीने खूश, हे मला कधी सुचलं नव्हतं. वाटेत ते नव्या दातांनी मुद्दाम कणीस खात होते आणि मागे वळून दाखवत होते. गाण्याच्या बाईंकडून त्यांनी आईंना फोन केला होता, दुपारच्या बसने येतो एवढाच. माझं काही बोलले नव्हते.

शहरात शिरल्यावर ते म्हणाले, "डावीकडे घे. थांब्याशी थांबव."

थांब्यावर आई उभ्या होत्या. छत्री घेऊन, उन्हात, खांबाला टेकून. बस आमच्या पुढेच होती. ती थांबली, माणसं उतरली, त्या एकेकाचं तोंड बघत होत्या. बस निघून गेली. मग त्यांना मागची गाडी दिसली. तीच आपली, एका बाजूला चेपलेली. बाबा पुढच्या सीटवर. मागे मुलं काचेला नाक लावून.

मी उतरावं की नाही ते मला ठरवता येईना. त्या सावकाश चालत आल्या, गुडघा धरून, मागचं दार उघडलं आणि मुलांना म्हणाल्या, "सरका." आत बसल्या. दार लावलं. छत्री मिटून पायाशी ठेवली. मग मला म्हणाल्या, "जरा पुढे घे."

"कुठे?"

"कुठेही. चालू ठेव."

मी चालू ठेवली. पुढे एक चौक आहे, त्याच्या मधे मोठी पाण्याची टाकी. तिच्या भोवतीने गेले आणि परत त्याच रस्त्याला लागले. मग परत. गल्लीच्या तोंडाशी आलं की त्या काही बोलत नसत, म्हणून मी परत वळवायची. मुंगी त्यांच्या मांडीवर चढली होती, स्वेटर घालून, घामाने भिजलेली.

"अगं, उकडत नाही का?"

"उकडतं."

"मग काढ."

"नको."

वकील म्हणाला, "आजी, ती दुसरी नात कोण आहे?" बाबांनी काचेबाहेर बघितलं. आई शांतपणे म्हणाल्या, "तुमची बहीण आहे. फार लहान आहे अजून. मानसुद्धा धरत नाही." त्याने त्यावर विचार केला. "मग गाडीत आणायचं असेल तर कुणीतरी धरून बसायला लागेल," तो म्हणाला. एवढंच. मी दोन वर्षं ज्याची भीती बाळगून होते, ते त्याने एका चौकाच्या फेऱ्यात मिटवून टाकलं.

मग आरशातून आईंनी माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी मी फोनवर म्हणत होते..."

"असू दे, आई. कळलं मला."

"नाही, तुला नाही कळलं. मी म्हणत होते, या वेळी जरा जास्तीची रजा टाकून ये. घर आवरायचंय. तुझ्याशिवाय मला नाही उरकायचं. मग फोन गेला, आणि तू परत लावला नाहीस. मला वाटलं, हिला आता नको असेल आपलं. म्हणून मीही नाही लावला. मग बाळाची गडबड झाली."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. समोरचं दिसेना.

वन्सं, त्यांनी खरंच तसं म्हणायचं ठरवलं होतं, की मला आरशात बघून त्यांना ते तेव्हा सुचलं, हे मला ठाऊक नाही. तू त्यांना विचारू नकोस. खरं असेल तर आम्ही दोघींनी एक शेवटची सुट्टी उगाच घालवली. आणि खरं नसेल, तर त्यांनी माझ्यासाठी एवढं चांगलं वाक्य तयार केलं. दोन्हीपैकी काय जास्त सोसवेल ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या उतरल्या गल्लीच्या तोंडाशी. मुलांचे मुके घेतले, माझ्या खिडकीपाशी आल्या, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "वाळलीस." बाबा छत्री उघडून उभे राहिले. तुझ्या दादाचं घर तिथून दिसत होतं, तिसरं, निळ्या दाराचं, दोरीवर बाळाचे कपडे वाळत घातलेलं. दोघं त्या दिशेने गेली. दारापाशी पोचल्यावर आईंनी मागे बघितलं असतं, पण तेवढ्यात आतून बाळ रडलं आणि त्या घाईने आत गेल्या. त्यात त्यांची काही चूक नाही. बाळ रडलं की जावंच लागतं.

परतीच्या रस्त्यावर मुलं शांत होती. खिडकीवरून भांडलीसुद्धा नाहीत. भांडली असती तर मला हवं होतं. एका पंपावर पेट्रोल भरताना वकिलाने विचारलं, "आई, पुढच्या सुट्टीत आपण कुणाकडे जायचं?"

मी म्हटलं, बघू.

गावांची नावं वाचत गाडी चालवली. प्रत्येक गावात कुणी ना कुणी कुणाच्या तरी घरी आलेलं होतं. दारात दोन-दोन गाड्या, अंगणात लहानमोठ्या चपलांचा ढीग, आणि बाहेर खेळणाऱ्या पोरांत चार पोरं त्या गावची नसलेली, चालण्यावरून कळतं. मला त्यांच्यातल्या एकाही घरी ओळख नव्हती.

हे सगळं तुला सांगायला एवढी पानं लागली आणि विचारायचं ते अजून राहिलंच आहे. तुझी रजा दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखी दोन दिवसांची असते, आणि ती तू दरवर्षी त्या घरी काढतेस, हे मला माहीत आहे. पण आता त्या घरात दुसरी माणसं असतील. दादाकडे जाशील, जायलाच हवंस, बाळाला बघायला हवं. तिथे जाऊन झालं की इकडे ये. माझ्याकडे एकच खोली जादा आहे, तीही जादा नाही, मुलांची आहे, पण ती खाली झोपतील आणि त्याचा सण करतील. आम्ही एवढी वर्षं गाडीत बसून लोकांकडे जातोय. आमच्याकडे कधी कुणी आलेलं नाही. कुणी यायचं असलं की घरात काय करतात, चादरी केव्हा बदलतात, खिडकीशी कितीदा जाऊन बघतात, हे माझ्या मुलांना ठाऊकच नाही.

येणार नसलीस तर लगेच कळवू नकोस. थोडे दिवस आम्हाला वाट बघू दे.

राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद,

तुझीच,
वहिनी